ब्रह्मदेशातील शीलधारिणी : विद्या खुली, उपसंपदा बंद

वर्धा जिल्ह्यातील विहारांतून पालीचे वर्ग घेताना विद्यार्थिनींकडून एक प्रश्न हमखास येतो. नागपूरच्या धम्मदीक्षेचा इतिहास त्यांना तोंडपाठ असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्रिशरण-पंचशील देणारे पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थविर हे मूळचे ब्रह्मदेशातील अराकानचे होते, हेही त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. ज्या देशाने आपल्याला दीक्षागुरू दिला, त्या देशातील आमच्या वयाची मुलगी पाली शिकली तर पुढे काय होते, असे त्या विचारतात. भिक्खुणी होते काय? शिक्षिका होते काय? तिला कोणी मान देते काय?

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ती पंडिता होऊ शकते, आचार्या होऊ शकते, स्वतःचे विद्यालय चालवू शकते. भिक्खुणी मात्र होऊ शकत नाही. असे का, आणि या परिस्थितीतून तेथील स्त्रियांनी आपली वाट कशी काढली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ब्रह्मदेशाविषयी आपल्या समाजाच्या मनात स्वाभाविकपणे आदराची भावना आहे. बाबासाहेब १९५४ मध्ये दोनदा रंगूनला गेले. मे महिन्यात वैशाख पौर्णिमेच्या समारंभासाठी आणि डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी. त्याच वर्षी तेथे सहावी संगीती सुरू झाली आणि १९५६ च्या वैशाख पौर्णिमेला तिची सांगता झाली. आपण आज देवनागरीत वाचतो तो नालंदा आवृत्तीचा त्रिपिटक या संगीतीच्या पाठावर बराचसा उभा आहे. हे ऋण मोठे आहे. पण आदर आणि अभ्यास या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. बौद्ध देशातील समाजव्यवस्था म्हणजेच बुद्धाचा उपदेश, असे समीकरण आपल्याकडील काही वक्ते व्यासपीठावरून सहज मांडतात. स्त्रियांच्या बाबतीत ते टिकत नाही.

प्रथम उजळ बाजू पाहू. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, त्यामुळे दोहोंची जनगणना एकाच पद्धतीने झालेली आहे. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात हजार स्त्रियांमागे साक्षर स्त्रिया सुमारे दहा होत्या. ब्रह्मदेशात हाच आकडा साठच्या घरात होता. हे साहेबी शाळांचे श्रेय नव्हे. गावोगावच्या विहारांत मुलगे अक्षरे गिरवीत आणि मुलींसाठी घरगुती पद्धतीच्या पाठशाळा चालत. विहारात मुक्काम करता येत नसल्याने मुली मागे राहिल्या हे खरे, परंतु अक्षर शिकणे हा स्त्रीचा अपराध आहे असे तेथील कोणत्याही शास्त्राने सांगितले नव्हते. धम्मसत्थ नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील कायदेग्रंथांनुसार स्त्रीला मालमत्तेत वाटा होता, घटस्फोट मागता येत होता, आणि बाजारपेठेतील व्यापार तर बहुतांशी तिच्याच हाती होता. मनुस्मृतीचा अंमल भोगलेल्या समाजाला या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

याहून जुना पुरावा पाली वाङ्मयात आहे. पञ्ञासामी यांनी १८६१ मध्ये रचलेल्या सासनवंसात पगान नगरीतील स्त्रियांचे वर्णन येते. त्या स्त्रिया, अगदी तरुण मुलीसुद्धा, पाली व्याकरणाची चर्चा करीत, आणि भिक्खूला त्यांच्याशी बोलताना शब्द तोलून वापरावे लागत, असा त्या कथांचा आशय आहे. हा ग्रंथ मेबल बोड या विदुषीने १८९७ मध्ये रोमन लिपीत संपादित केला. तेराव्या शतकातील क्यस्वा राजाच्या नावावर सद्दबिंदु हा व्याकरणग्रंथ सांगितला जातो आणि पाली विभक्तींच्या अर्थांवरील विभत्यत्थ हे प्रकरण त्याच्या कन्येचे मानण्याची परंपरा आहे. कर्तृत्वाविषयी शंका घेणारे शंका घेतील. मला त्या परंपरेचे मोल वेगळ्या कारणासाठी वाटते. राजकन्येने विभक्तीचा ग्रंथ लिहिला असे म्हटल्यावर तेथील लोकांना ते अशक्य वाटले नाही. त्याच शतकात आपल्याकडे स्त्रीने व्याकरणशास्त्रावर ग्रंथ लिहिला असे कोणी म्हटले असते तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी करावी.

आता दुसरी बाजू. ब्रह्मी समाजात पुरुषाच्या ठिकाणी एक जन्मजात तेज असते अशी समजूत आहे; तिला ते 'फोन' म्हणतात. पूर्वपुण्याईने पुरुषजन्म मिळतो, म्हणून पुरुष श्रेष्ठ, आणि स्त्रीच्या वस्त्राखालून गेल्यास हे तेज घटते, असा तो समज आहे. मंडालेच्या महामुनी विहारातील बुद्धमूर्तीला सोन्याचा वर्ख लावण्याचा मान पुरुषांचा. स्त्रियांनी चौथऱ्यावर चढावयाचे नाही, दुरून वंदन करावयाचे. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये अस्पृश्यांना खुले झाले, त्याची हकीकत वर्धेकरांच्या परिचयाची आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. ज्यांनी हे अनुभवले त्यांच्या वारसांना महामुनीच्या चौथऱ्याची गोष्ट खटकल्याशिवाय राहू नये. गंमत अशी की हाच समज पुढे स्त्रियांनी शस्त्रासारखा वापरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर मार्च महिन्यात रंगूनच्या गल्ल्यांत स्त्रियांनी आपली लुगडी दोरीवर आडवी टांगली. त्यांखालून जाण्यास सैनिक कचरत होते.

ज्या समाजात स्त्री बाजार चालवते, मालमत्ता राखते, व्याकरण जाणते, त्याच समाजात तिचा जन्म कमी पुण्याईचा मानला जातो. शीलधारिणींची संस्था या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत उभी राहिलेली आहे.

ब्रह्मी भाषेत त्यांना 'थिलाशिन' म्हणतात. थिला म्हणजे सील, शील. शिन म्हणजे धारण करणारी, स्वामिनी. मराठीत शीलधारिणी हा शब्द मला त्यासाठी योग्य वाटतो. डोके मुंडलेले, गुलाबी वस्त्रे, खांद्यावर तपकिरी उपवस्त्र. त्या आठ किंवा दहा शीलांचे पालन करतात. भिक्खूप्रमाणे त्यांना शिजवलेल्या अन्नाचे दान मिळत नाही. उपोसथाच्या आधीच्या ठरावीक दिवशी त्या रांगेने निघतात आणि लोक त्यांना कच्चे तांदूळ व थोडे पैसे देतात. म्हणजे भिक्षेनंतरही चूल त्यांनाच पेटवावी लागते. हा भेद वरवर किरकोळ दिसतो. विद्यार्थिदशेत तो किरकोळ राहत नाही, कारण श्रामणेर दुपारी ग्रंथ उघडतो तेव्हा शीलधारिणी भांडी घासत असते.

या ठिकाणी आपल्या वर्ध्याशी संबंधित दोन नावे आठवतात. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी १९४० च्या दशकात राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम वर्ध्यात राहून पाहिले. त्यांच्या जातककथांच्या हिंदी अनुवादाचे खंडही त्याच सुमारास निघू लागले होते. येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातील बौद्ध अध्ययन केंद्राला आज त्यांचे नाव आहे. हे दोघेही पालीसाठी परदेशी गेले. कोसंबी १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली शिकले व पुढे ब्रह्मदेशातही राहिले. कौसल्यायन यांनी १९२८ मध्ये सिंहलद्वीपातच प्रव्रज्या घेतली. दोघांजवळही पैसा नव्हता. चीवर अंगावर आले आणि अन्न, निवारा, ग्रंथ, गुरू या चारही गोष्टींची सोय झाली. बौद्ध देशांतील संघ ही गरीब पण बुद्धिमान तरुणासाठी शेकडो वर्षे चाललेली मोफत विद्यापीठेच होती. कोसंबी घरातून निघाले तेव्हा गोव्यात त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी मागे राहिली होती. त्यांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही, परंतु त्यांच्या पत्नीने पालीची ओढ लागून घर सोडले असते तर तिला कोणत्या परिवेणाने ठेवून घेतले असते, हा प्रश्न विचारला पाहिजे. विद्येची ती सोय तिच्यासाठी नव्हती.

ब्रह्मदेशातील स्त्रियांनी ही सोय स्वतः निर्माण केली, ही त्यांची खरी ऐतिहासिक कामगिरी होय. मिंडोन राजाच्या कारकीर्दीत, म्हणजे १८५३ ते १८७८ या काळात, पाचवी संगीती भरली आणि संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरला गेला. विद्येला राजाश्रय असलेल्या या काळात काही शीलधारिणी राजवाड्यातील स्त्रियांना धम्म व पाली शिकवीत होत्या. मे किन हे त्यांपैकी एक नाव. पुढे इरावतीच्या काठी सगाइंगच्या टेकड्यांवर शीलधारिणींची स्वतंत्र विद्यालये वाढली. प्रमुख स्त्री, शिकवणाऱ्या स्त्रिया, शिकणाऱ्या मुली, हिशेब ठेवणाऱ्याही स्त्रियाच. वरिष्ठ ग्रंथांसाठी भिक्खू आचार्यांकडे जावे लागे; खालचे वर्ग मात्र त्यांनी आपल्या हाती ठेवले. खेड्यातील कष्टकऱ्याची मुलगी दहा-बारा वर्षांची असताना येथे येते, एखाद्या ज्येष्ठ शीलधारिणीच्या देखरेखीखाली राहते, स्वयंपाक, झाडलोट, पाणी ही कामे करते, आणि उरलेल्या वेळात कच्चायनाची सूत्रे घोकते.

या शिक्षणाला बळ मिळाले ते परीक्षांमुळे. राजांच्या काळी चालत असलेली पाली परीक्षा १८८५ मध्ये राज्य बुडाल्यावर बंद पडली होती. ब्रिटिश सरकारने ती १८९५ मध्ये पुन्हा सुरू केली. ही परीक्षा पुढे शीलधारिणींनाही देता येऊ लागली. क्रम असा की आधी पठम परीक्षेच्या तीन पायऱ्या, त्यांत व्याकरण, अभिधम्मत्थसंगह, धम्मपद-अट्ठकथा वगैरे, आणि मग धम्माचरिय. धम्माचरिय परीक्षेला तीन अट्ठकथा लागतात. सुत्ताची सीलक्खन्धवग्ग-अट्ठकथा, अभिधम्माची अट्ठसालिनी आणि विनयाची पाराजिककण्ड-अट्ठकथा. आपल्याकडील एम.ए.च्या अभ्यासक्रमात यांतील काही पाने नेमलेली असतात. तेथे ग्रंथ समग्र तयार करावा लागतो. मी विद्यार्थी असताना अट्ठसालिनीचे एक प्रकरण पुरे करता करता दमलो होतो, हे येथे कबूल करतो.

पाराजिककण्ड-अट्ठकथा ही भिक्खूंच्या विनयावरील टीका. कोणत्या कृत्याने भिक्खूचे भिक्खुपण नष्ट होते, याची ती सूक्ष्म चिकित्सा आहे. ती मुखोद्गत करून धम्माचरिया झालेली स्त्री उपसंपदेचे नियम कित्येक भिक्खूंहून अधिक जाणते, परंतु स्वतः उपसंपदा मागू शकत नाही. मागितली तर तेथील संघनायक सांगतात की भिक्खुणीसंघ शेकडो वर्षांपूर्वी नष्ट झाला, भिक्खुणीची उपसंपदा भिक्खुणी व भिक्खू अशा उभय संघांकडून व्हावी लागते, एक संघ नाही म्हणून उपसंपदा नाही. तोपर्यंत ती कायद्याने उपासिकाच. आणि मतदानाच्या वेळी मात्र ती धार्मिक संस्थेतील व्यक्ती ठरते व मताधिकार गमावते. भिक्खूचा मान नाही आणि नागरिकाचा हक्कही नाही, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

पालीच्या अभ्यासकाने या युक्तिवादाची मूळ ग्रंथाशी पडताळणी केली पाहिजे. चुल्लवग्गाच्या दहाव्या खंधकात भिक्खुणींविषयीची हकीकत आहे. तेथे भिक्खूंनी भिक्खुणींना उपसंपदा द्यावी अशी अनुज्ञा तथागतांनी प्रथम दिल्याचे आढळते. नंतर मुली भिक्खूंसमोर शरीरविषयक प्रश्नांची उत्तरे देण्यास लाजतात असे दिसल्यावर ती चौकशी भिक्खुणींनी करावी व मग भिक्खुसंघात उपसंपदा व्हावी, अशी दुसरी अनुज्ञा येते. पहिली अनुज्ञा रद्द केल्याचे वचन तेथे नाही. याउलट भिक्खूंच्या बाबतीत त्रिशरणाने होणारी जुनी उपसंपदा बंद करून नवी पद्धत घालून दिली, तेव्हा जुनी रद्द केल्याचा स्पष्ट उल्लेख महावग्गात आहे. जेथे रद्द करावयाचे होते तेथे स्पष्ट शब्दांत रद्द केले. मग भिक्खुणीसंघ नसताना पहिल्या अनुज्ञेचा आधार का घेऊ नये?

हा तर्क माझा नाही, कोणा पाश्चात्त्य विदुषीचाही नाही. तो ब्रह्मदेशातीलच एका मान्यवर स्थविरांचा आहे. मिंगुन जेतवन सयाडो ऊ नारद, ज्यांच्या विपस्सना-परंपरेतून महासी सयाडो घडले, त्यांनी मिलिंदपञ्हावर पाली भाषेत अट्ठकथा लिहिली. ती १९४९ मध्ये रंगूनला छापली गेली. तीत त्यांनी भिक्खुसंघ एकटा भिक्खुणींना उपसंपदा देऊ शकतो असे प्रतिपादन केले. त्यापूर्वी १९३५ मध्ये आदिच्चवंस या विद्वान भिक्खूंनी भिक्खुणीशासनाच्या पुनरुज्जीवनाच्या बाजूने पुस्तक लिहिले होते, त्याबद्दल त्यांना मोठा रोष आणि बहिष्कार सोसावा लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सिंहलद्वीपातही हे घडले नव्हते तेव्हा, ब्रह्मी भिक्खूंनी हे म्हटले होते. पाली येत असूनही हे ग्रंथ न वाचणारे आपल्याकडील काही लेखक भिक्खुणीसंघाचा प्रश्न आधुनिक स्त्रीवादाने उकरून काढलेला आहे असे लिहितात, तेव्हा खेद होतो.

बाबासाहेबांनी १९५१ मध्ये महाबोधी नियतकालिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर जो निबंध लिहिला, तोही या संदर्भात पुन्हा वाचावा. स्त्रीच्या अवनतीला बुद्ध जबाबदार आहे या आक्षेपाला तो उत्तर म्हणून लिहिला होता. स्त्रियांविषयी तुच्छता दाखवणारी काही वचने मूळची नसून मागाहून घातलेली असावीत, हे त्यांनी साधार मांडले. भिक्खुणीसंघ भिक्खुसंघाच्या देखरेखीखाली ठेवण्यात स्त्रीला हीन लेखण्याचा हेतू नव्हता, नव्याने आलेल्यांना विनय शिकवण्याची व्यावहारिक गरज होती, असे त्यांचे म्हणणे होते. प्रव्रज्येचे दार उघडून तथागतांनी स्त्रीला विद्येचा आणि स्वतःच्या विकासाचा अधिकार दिला, हा त्या निबंधाचा गाभा आहे. थेरीगाथेतील सोमा थेरीला मार चिडवतो की दोन बोटांच्या बुद्धीच्या बाईला ते ऋषींचे स्थान कसे मिळणार. चित्त समाहित असेल तर स्त्रीपणाने काय अडते, या आशयाचे तिचे उत्तर आहे. रंगूनच्या संघनायकांनी ही गाथा संगीतीत तपासून छापली आहे.

आता पुन्हा भदन्त चंद्रमणींकडे येऊ. आपण त्यांना दीक्षाभूमीवरील एका प्रसंगापुरते ओळखतो. तरुणपणी भारतात येऊन ते कुशिनाऱ्याला स्थायिक झाले, आणि त्यांचा तो विहार नेपाळी स्त्रियांसाठी धम्माचे प्रवेशद्वार बनला, ही हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. नेपाळात राणा राजवटीचा थेरवादाला सक्त विरोध होता; १९४४ मध्ये तर भिक्खूंना हद्दपार करण्यात आले. अशा काळात काठमांडू-पाटणच्या नेवार स्त्रिया सीमा ओलांडून कुशिनाऱ्याला येत आणि प्रव्रजित होऊन परत जात किंवा पुढे ब्रह्मदेशाला जात. पाटणच्या शाक्य कुळात १९३४ मध्ये जन्मलेली गणेशकुमारी त्यांपैकी एक. अल्पवयात, घरच्यांना न सांगता ती निघाली आणि ब्रह्मदेशात पोहोचली. मोलमेन येथील शीलधारिणींच्या विद्यालयात तिने अनेक वर्षे अध्ययन केले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी ती धम्माचरिया झाली. तीच पुढे धम्मवती गुरुमा म्हणून प्रसिद्ध पावली. काठमांडूला परतताना तिच्यासोबत गुणवती ही ब्रह्मी मैत्रीण होती. स्वतःचा देश, भाषा, आप्त सोडून ही ब्रह्मी तरुणी नेपाळात राहिली व तेथील मुलींना शिकवण्यात तिने आयुष्य घातले. दोघींच्या श्रमातून १९६५ मध्ये धर्मकीर्ती विहार उभा राहिला. धम्मवतींनी १९८८ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजल्सजवळील चिनी विहारात भिक्खुणी-उपसंपदा घेतली. ब्रह्मदेशाने दिलेली विद्या घेऊन, ब्रह्मदेशाने नाकारलेली उपसंपदा तिने तिसऱ्याच देशात मिळवली.

यानंतर घटना वेगाने घडल्या. डिसेंबर १९९६ मध्ये सारनाथ येथे दहा सिंहली स्त्रियांना उपसंपदा मिळाली, १९९८ मध्ये बोधगयेला मोठा उपसंपदा-समारंभ झाला, त्याच वर्षी सिंहलद्वीपात दांबुल्ला येथेही उपसंपदा सुरू झाली. त्याचेच पडसाद सच्चवादी या ब्रह्मी शीलधारिणीच्या जीवनात उमटले. ती धम्माचरिया होती. पुढील अध्ययनासाठी ती सिंहलद्वीपात गेली आणि तेथे २००३ मध्ये तिने भिक्खुणीची उपसंपदा घेतली. वडील आजारी असल्याने २००५ मध्ये ती स्वदेशी आली, तेव्हा अंगावर भिक्खुणीचे चीवर होते. तिला अटक झाली. शहात्तर दिवस तुरुंगात काढल्यावर ती सुटली आणि देश सोडून गेली.

बौद्ध राष्ट्रात, बौद्ध अधिकाऱ्यांनी, बौद्ध विनयाचे नाव घेऊन, पालीची आचार्या असलेल्या स्त्रीला चीवर घातले म्हणून बंदिवासात ठेवले. या घटनेवर आपल्या नियतकालिकांतून जेवढे लिहिले जावयास हवे होते तेवढे लिहिले गेले नाही. दीक्षागुरूंच्या देशाविषयी कटू बोलण्याचा संकोच हे त्याचे एक कारण असावे. पण त्याच दीक्षागुरूंच्या विहारातून नेपाळच्या मुली शिकावयास निघाल्या होत्या, हे विसरून कसे चालेल?

सर्व ब्रह्मी तरुणी चीवराच्या वाटेने गेल्या नाहीत, हेही नोंदले पाहिजे. न्यायाधीश ऊ मे आउंग यांची कन्या म्या सेन रंगूनमध्ये आणि मग ऑक्सफर्डला शिकली. १९३१ च्या अखेरीस लंडनमध्ये भरलेल्या ब्रह्मदेशविषयक गोलमेज परिषदेत ती एकमेव स्त्री प्रतिनिधी होती. बाबासाहेब त्याच हंगामात लंडनला हिंदी गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची बाजू मांडत होते. परंतु म्या सेनला शिकवणारे संपन्न घर होते. शीलधारिणींची विद्यालये ज्यांच्या उपयोगी पडली त्या मुली शेतकरी-मजुरांच्या होत्या, आणि म्हणून त्या आपल्याला अधिक जवळच्या वाटतात.

विदर्भातील आपल्या स्त्रियांची अडचण याहून वेगळी होती. ब्रह्मी मुलीला ग्रंथ मिळाला आणि पद नाकारले गेले. आमच्या मुलीला अक्षरच नाकारलेले होते. उमरेडला १८९२ मध्ये जन्मलेल्या जाईबाई चौधरी नागपूर-कामठी रेल्वेस्थानकांच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना महिना चार रुपयांवर शिक्षिका नेमले, तर महार बाईच्या हाताखाली मुले शिकतात म्हणून सवर्णांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि नोकरी गेली. जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. सगाइंगच्या टेकडीवर आणि नागपूरच्या वस्तीत, एकमेकींची नावेही ठाऊक नसताना, स्त्रियांनी एकच उपाय शोधला : दुसऱ्याच्या शाळेत जागा नाही तर आपली शाळा काढा. फरक असा की शीलधारिणीच्या विद्यालयाला गावाचे तांदूळ मिळत होते. जाईबाईंच्या शाळेला अशी दानाची परंपरा नव्हती.

पुढच्या पिढीतील कुमुद पावडे यांची कथा 'अंतःस्फोट' या १९८१ च्या पुस्तकामुळे आपणांस ज्ञात आहे. संस्कृतमध्ये एम.ए. झालेल्या कुमुद सोमकुवरला नोकरी मिळत नव्हती. आंतरजातीय विवाहाने आडनाव बदलून ती पावडे झाली आणि मग नोकरी मिळाली. त्यांचे २०२३ मध्ये निधन झाले. धम्माचरिया झालेल्या ब्रह्मी शीलधारिणीला कोणी आडनाव विचारत नाही. तिला विचारतात ते ती कोणत्या आचार्यांकडे शिकली हे. ब्रह्मदेशाकडून घेण्यासारखी गोष्ट असेल तर ती ही आहे. गरीब मुलीला राहण्याजेवण्याची सोय, समग्र ग्रंथाची परीक्षा, आणि उत्तीर्ण झाल्यावर शिकवण्याचा निर्विवाद अधिकार. आपल्याकडे विहार पुष्कळ झाले, उंच झाले, संगमरवरी झाले. मुलींना दोन वर्षे ठेवून घेऊन कच्चायन शिकवील असा विहार वर्धा जिल्ह्यात मला दाखवता येणार नाही.

पाली शिकून पोट भरते काय, हा पालकांचा प्रश्नही रास्त आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून पाली हा ऐच्छिक विषय २०१३ मध्ये काढून टाकण्यात आला, तेव्हा कित्येक मुलामुलींनी तो सोडला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. या दर्जाने पालीच्या किती अध्यापकांच्या जागा भरल्या जातात ते पाहावयाचे. तोवर आमच्या वर्गातील मुली दुसरा एखादा विषय पोटासाठी आणि पाली स्वतःसाठी असा हिशेब करतात. त्यांना दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही. नेपाळच्या गणेशकुमारीपाशीही नोकरीची हमी नव्हती, पण तिच्या जेवणाची काळजी मोलमेनच्या स्त्रियांनी घेतली होती.

सच्चवादीची हकीकत वर्गात सांगितली त्या दिवशी एका मुलीने मूळ विनयच वाचावयास मागितला. नालंदा आवृत्तीचा चुल्लवग्ग १९५६ चा, म्हणजे दीक्षेच्याच वर्षीचा. आमच्या संग्रहातील प्रतीची पाने आता पिवळी पडली आहेत. या वर्षावासात आम्ही त्याचा दहावा खंधक घेतला. आठ गरुधम्मांपैकी पहिला, शंभर वर्षांच्या भिक्खुणीने त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावे हा, मुलींनी दोन दिवस पुढे जाऊ दिला नाही. बाबासाहेबांचा १९५१ चा निबंध एकीने घरून आणला होता. आता वाचन पुढे सरकले असून भिक्खूंनी उपसंपदा द्यावी या अनुज्ञेच्या ओळीपर्यंत आम्ही आलो आहोत.